नागीण, अक्की आणि कुंभाराची काव

दोन-तीन दिवस पाठीत नुसतीच आग आणि ठणका. मग एके सकाळी पाणी भरलेल्या बारीक फोडांची पट्टी पाठीकडून छातीकडे निघालेली दिसते, तीही एकाच बाजूला. मराठी घरात लगेच कुजबुज सुरू होते, 'नागीण उठली.' चेन्नईत शेजारची आजी तीच पट्टी पाहून म्हणते, 'अक्की!' डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'हर्पीस झोस्टर' लिहिलेलं असतं. अलीकडे लशीच्या जाहिरातींनी 'शिंगल्स' हा शब्दही घरोघर पोचवला आहे.

या नावांची आपसांतली नाती मोठी मजेची आहेत. 'हर्पीस' हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदातून आला आणि आपला 'सर्प' त्याच्याच कुळातला. आयुर्वेदातला 'विसर्प'ही सृप् धातूचाच. 'झोस्टर' म्हणजे ग्रीकांचा पट्टा, तर 'शिंगल्स'च्या मागे लॅटिन कमरपट्टा दडलेला. छपरावरच्या शिंगल्सशी त्याचा काही संबंध नाही. कानडीत 'सर्पसुत्तु', तेलुगूत 'सर्पी', स्पॅनिशमध्ये 'छोटा साप'. जर्मनांना त्यात कमरेभोवतीचा गुलाब दिसला आणि नॉर्वेजियनांना थेट नरकाची आग. आग पाहणाऱ्यांत तमिळ माणूसही असावा. 'अक्की'त आपल्या 'आगी'ची प्राकृत आजी 'अग्गी' ऐकू येते.

नाव ठेवलं की त्यामागून गोष्टही येते. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खरं तर वेढा पुरा होणं मुळातच कठीण. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जारज्जूलगतच्या चेतागाठींत दडून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती मंदावली की एखाद्या गाठीतून तो जागा होतो आणि त्या एका नसेच्या वाटेने त्वचेवर उतरतो. त्या नसेची हद्द छातीच्या मध्यरेषेवर संपते, म्हणून नागीणही तिथेच थांबते. क्वचित दोन्ही बाजूंना उठलीच, तरी वेढ्यामुळे कोणी मरत नाही.

उरलेलं शास्त्र थोडक्यात. कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच, हे 1950च्या दशकात थॉमस वेलर यांनी दाखवलं. झोपलेला विषाणू पुन्हा जागा होतो, हा विचार 1965 साली सिरेन्सेस्टर या इंग्लिश गावातल्या एडगर होप-सिम्पसन या साध्या फॅमिली डॉक्टरने नीट मांडला. फोड दिसल्यापासून 72 तासांत विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या तर उत्तम. पन्नाशीनंतर दोन मात्रांची लस घेता येते.

आता कुंभाराकडे. तमिळनाडूत अक्की उठली की कुंभाराकडे जायची जुनी रीत आहे. तो काव पाण्यात किंवा पन्नीरात, म्हणजे गुलाबपाण्यात, उगाळतो आणि फोडांवर लावतो. पण 'लावतो' हे झालं आपलं मराठी. तमिळमध्ये त्याला 'अक्की एळुदुदल' म्हणतात, म्हणजे अक्की लिहिणं! औषध चोपडायचं नाही, अंगावर लिहायचं. सबंध आजाराच्या शब्दकोशात प्रस्तुत लेखकाला याहून देखणं क्रियापद सापडलेलं नाही.

आणि हे काम कुंभाराकडेच का? तो भट्टीशी रोज खेळतो, मातीला आगीतून सुखरूप बाहेर काढतो; आगीचा आजार त्याच्याशिवाय कोण लिहिणार, असा आपला एक तर्क. चेन्नईत पुरसवाक्कमजवळ कोसापेट ही जुनी कुंभारवस्ती आहे. विनायक चतुर्थीच्या मूर्ती आणि नवरात्रातल्या गोलूच्या बाहुल्या यांसाठी तिचं नाव. तमिळ 'कावी' आणि मराठी 'काव' एकच, हे कोकणातल्या देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रं पाहिलेल्यांना सांगायला नको. आपल्याकडेही नागिणीवर गेरू लावतातच, फक्त इथे मांत्रिक सापाचं विष उतरवत असतो. फोड एरवीही दोन ते चार आठवड्यांत सुकतात, त्यामुळे दोघांनाही यश हमखास. तोवर 72 तास मात्र निघून जातात, उघड्या फोडांत जंतू शिरण्याची भीती वेगळीच. पट्टी कपाळावर, डोळ्याशी उठली असेल तर हा उशीर नजरेवर बेततो. फोड गेल्यावरही काही वृद्धांची नस महिनोन्‌महिने जळत राहते. ती कोणी लिहून विझवत नाही.

तमिळ वैद्यकीय भाषेने अलीकडे 'अक्की अम्मै' असा जोडशब्द रूढ केला. 'अम्मै' म्हणजे देवीरोगांचं घराणं. कांजिण्या तिथे 'चिन्नम्मै', धाकटी आई. विषाणूच्या दृष्टीने हे नातं अगदी बरोबर. मराठीत मात्र नागीण आणि कांजिण्या एकमेकींना ओळखही दाखवत नाहीत. त्यात चिठ्ठीवरचं 'हर्पीस' वाचून सुशिक्षित रुग्ण भलत्याच रोगाच्या शंकेने घाबरतो. जननेंद्रियांवर होणारा हर्पीस वेगळ्या विषाणूचा, पण नाव सख्खं.

तरुण वयात उठलेली नागीण डॉक्टरांना वेगळं काही सांगू शकते, आणि इथे चेन्नईचीच एक मराठी मुलगी आठवते. मद्रासमध्ये मराठी कुटुंबात जन्मलेल्या सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. 1986मध्ये त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने गोळा केलेले रक्ताचे नमुने वेल्लोरला तपासले गेले आणि भारतातली एचआयव्हीची पहिली नोंद झाली. पुढे सॉलोमन यांनी चेन्नईत उभारलेल्या संस्थेच्या नावात 'वायआरजी', म्हणजे वाय. आर. गायतोंडे, आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एचआयव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या लक्षणांत हर्पीस झोस्टरची गणना होते. म्हणूनच पंचविशीच्या तरुणाच्या बरगडीवर नागीण दिसली, तर जाणता डॉक्टर गोळ्या लिहून देतो आणि रक्ताची एक तपासणीही सुचवतो.