पाहण्याचा हक्क आणि खेळण्याचा हक्क

आपल्या चळवळीच्या लेखनात क्रीडा हा विषय क्वचितच येतो. शिक्षण, आरक्षण, जमीन, नोकरी यांवर आपण विपुल लिहिले; खेळाकडे मात्र फावल्या वेळेतील करमणूक म्हणूनच पाहिले. वास्तविक सार्वजनिक गोष्टींवर कोणाचा हक्क, हा जो आपला मूळ प्रश्न, त्याचेच एक रूप खेळात दिसते. या रूपाला दोन बाजू आहेत. देशाचा खेळ पाहावयास कोणाला मिळतो, ही एक. आणि प्रत्यक्ष खेळावयास कोणाला मिळते, ही दुसरी. गेल्या तीन दशकांत पहिल्या प्रश्नाला न्यायालयाने आणि संसदेने बऱ्याच अंशी उत्तर दिले. दुसरा प्रश्न अजून योजनांच्या भरवशावर आहे. हे अंतर कसे पडले, ते प्रस्तुत लेखात क्रमाने पाहू.

आकाशलहरी कोणाच्या?

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या सुमारास भारतात रंगीत प्रक्षेपण आले. पुढच्याच वर्षी क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना लोकांनी दूरदर्शनवर पाहिला. ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओसरीवर सारी आळी जमत असे. सामना पाहण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नसत, कारण प्रक्षेपण करणारी यंत्रणा एकच होती आणि ती सरकारची होती.

ही स्थिती १९९३ मध्ये पालटली. बंगाल क्रिकेट संघटनेने आपल्या हीरक महोत्सवानिमित्त हीरो चषक स्पर्धा भरविली आणि तिच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीस दिले. १८८५ च्या तार कायद्यानुसार असा अधिकार आपलाच, अशी सरकारची भूमिका होती. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला. त्यांपैकी न्या. सावंत पुढे परिवर्तनवादी चळवळीतील सहभागामुळे आपणा सर्वांस परिचित झाले.

या निकालाचा गाभा असा की, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. परंतु ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या हातीही ती मोकळी सोडता येत नाही. तिचा वापर लोकहितासाठी व्हावा आणि तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावे, असे न्यायालयाने सांगितले. संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळविण्याचा हक्कही येतो, म्हणून प्रेक्षकाचा हक्कही त्या स्वातंत्र्याचाच भाग ठरला.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक जुना धागा दिसतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असल्याचे कागदावर मान्य झाले. तो कागद प्रत्यक्षात उतरविण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. तळे आणि आकाशलहरी यांत फरक पुष्कळ आहे; पण जे सार्वजनिक आहे ते काहींचेच राहू शकत नाही, हे तत्त्व एकच आहे. ठराव झाला म्हणजे पाणी मिळाले असे होत नाही, हा धडाही एकच आहे.

२००७ चा कायदा काय सांगतो?

१९९५ नंतर खासगी क्रीडा वाहिन्या वाढल्या. सामन्यांचे हक्क मोठ्या रकमांना विकले जाऊ लागले आणि दूरदर्शनखेरीज दुसरे साधन नसलेल्या घरांना भारताचेच सामने दिसेनासे झाले. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला असता हा तंटा टोकाला गेला. फेब्रुवारीत केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्यानंतर संसदेने कायदा केला. क्रीडा प्रक्षेपणाचे संकेत प्रसार भारतीला देणे त्याने बंधनकारक झाले.

या कायद्याची रचना सोपी आहे. केंद्र सरकार काही स्पर्धा ‘राष्ट्रीय महत्त्वाच्या’ म्हणून अधिसूचित करते. ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अशा यादीत येतात. भारताचे क्रिकेट सामनेही येतात. अशा स्पर्धेचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीने आपले संकेत, स्वतःच्या जाहिराती वगळून, त्याच वेळी प्रसार भारतीला द्यावयाचे असतात. दूरदर्शनने त्यावर मिळविलेल्या जाहिरात उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाला आणि उरलेला प्रसार भारतीला मिळतो. रेडिओवरील समालोचनाच्या बाबतीत ही वाटणी निम्मी निम्मी आहे. म्हणजे कायद्याने खासगी वाहिनीचा व्यवसाय हिरावून घेतलेला नाही. त्या व्यवसायात सामान्य प्रेक्षकासाठी एक दार उघडे ठेवले आहे.

हे दार किती रुंद आहे, याचे उत्तर ऑगस्ट २०१७ मध्ये मिळाले. असे संकेत दूरदर्शनने केवळ स्वतःच्या भूप्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएच सेवेवरच दाखवावेत, खासगी केबलचालकांमार्फत ते पुढे जाऊ नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे दूरदर्शनचे बहुतेक जुने भूप्रक्षेपक बंद झाले. परिणामी आज ज्या घरी डीडी फ्री डिशची छत्री आहे तेथे हा हक्क पोहोचतो, कारण छत्री बसविल्यानंतर तिला मासिक शुल्क नाही. केबलवर अवलंबून असलेल्या घराला सशुल्क वाहिनी घ्यावी लागते. आज तरुण पिढी सामना मोबाइलवर पाहते. परंतु संकेत वाटून देण्याचे बंधन घालणारे कलम केबल, डीटीएच आणि रेडिओ यांच्यापुरतेच बोलते. तंत्र पुढे गेले, कायदा जेथे होता तेथेच राहिला.

एवढ्या मर्यादा असूनही हा कायदा मोलाचा आहे. पाहणे हाही सार्वजनिक जीवनातील सहभाग आहे आणि तो ऐपतीवर सोडून देता येत नाही, एवढे त्याने मान्य केले आहे.

मैदान कोणाचे?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासात पळवणकर बाळू हे नाव अग्रभागी आहे. चर्मकार समाजातील हा तरुण पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करीत असे. गोऱ्या खेळाडूंना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम त्याच्याकडे आले आणि त्यातून एक थोर डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. पुढे हिंदू संघाला त्याची गरज भासली. मैदानात एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत असे, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. बाळूंना मैदान हक्क म्हणून मिळालेले नव्हते. ते नोकर म्हणून तेथे शिरले होते.

हा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १५ चे दुसरे कलम वेगळ्या अर्थाने वाचता येते. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि राज्याच्या निधीतून राखलेली सार्वजनिक राबत्याची ठिकाणे यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही, असे ते सांगते. सार्वजनिक पैशातून राखलेले मैदान हेही राबत्याचेच ठिकाण आहे. मात्र हे कलम मज्जाव दूर करते. जेथे मैदानच नाही तेथे ते मैदान निर्माण करीत नाही.

मैदान निर्माण करण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? प्रक्षेपण हा विषय संविधानाच्या संघसूचीत आहे, म्हणून पाहण्याच्या हक्कासाठी संसद देशभर एक कायदा करू शकली. क्रीडा हा विषय राज्यसूचीत आहे. शहरांतील क्रीडांगणांचा उल्लेख नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत स्पष्टपणे आढळतो. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत मात्र क्रीडांगण असा वेगळा विषय नाही. जबाबदारी अशी विखुरली की जाब कोणाला विचारावा, हेच खेड्यातील पालकाला उमगत नाही.

योजना आणि हक्क यांतील फरक

केंद्र सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००८ मध्ये पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान सुरू झाले आणि गावोगाव ग्रामपंचायतीच्या पातळीवर क्रीडा सुविधा उभारणे हे त्याचे उद्दिष्ट होते. २०१४ मध्ये त्याच्या जागी राजीव गांधी खेल अभियान आले आणि भर गटपातळीवरील क्रीडासंकुलाकडे वळला. २०१६ मध्ये तेही इतर योजनांसह ‘खेलो इंडिया’त विलीन झाले. या योजनेत मैदानांचा विकास हा अनेक घटकांपैकी एक आहे. गुणवंत खेळाडूंचा शोध, स्पर्धा आणि प्रशिक्षण यांनाही तिच्यात मोठे स्थान आहे. आठ वर्षांत नाव दोनदा बदलले आणि मध्यबिंदू गावाकडून गटाकडे, गटाकडून निवडक गुणवत्तेकडे सरकला. योजनेचे स्वरूपच असे असते. ती चालू असते तोवर लाभ मिळतो. ती बदलली की तक्रार करण्यास आधार उरत नाही. हक्क मात्र सरकार बदलले तरी मागता येतो.

गुणवत्तेचा शोध आवश्यकच आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे हे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांना प्रवासासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली होती. या दोन प्रसंगांमधील अंतर म्हणजे शासनाच्या धोरणाची कमाई आहे. परंतु निवड काहींचीच होते. शंभर मुलांतून एक निवडायचा, तर आधी शंभर मुले मैदानावर आली पाहिजेत. ज्या वस्तीजवळ मैदान नाही, त्या वस्तीतील मुलाची गुणवत्ता शोधणाऱ्याच्या दृष्टीसच पडत नाही.

केवळ पाहिल्याने मुले खेळू लागतील, अशी एक आशा क्रीडा धोरणांमागे असते. ती अर्धी खरी आहे. २०१४ पासून व्यावसायिक कबड्डी दूरचित्रवाणीवर आली आणि या खेळाला नवी प्रतिष्ठा लाभली. कबड्डीला मोकळी जागा पुरते, म्हणून पाहणारा मुलगा संध्याकाळी खेळू शकतो. नेमबाजी, जलतरण, हॉकी यांचे तसे नाही. पाहण्याने इच्छा जागते. ती पुरी होण्यास जागा, साहित्य आणि शिकविणारा माणूस लागतो. २००७ चा कायदा जाहिरातीच्या उत्पन्नाची वाटणी बारकाईने सांगतो, पण त्या उत्पन्नातील एकही हिस्सा तो मैदानासाठी राखून ठेवत नाही. पाहण्याच्या आणि खेळण्याच्या धोरणांना जोडणारा पूल बांधायचा, तर तो येथेच बांधता येईल.

आपल्या हाती काय आहे?

खेळण्याच्या हक्काला कायद्याचा आधार अगदीच नाही, असे नाही. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गासाठी खेळाचे साहित्य यांचा समावेश आहे. त्याच कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमली, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरविले, आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम तिच्याकडे दिले. आपल्यापैकी अनेक पालक व माजी विद्यार्थी आज आपापल्या गावी अशा समित्यांवर असतील. आराखड्यात मैदानाचा मुद्दा लेखी आला पाहिजे. मैदानाची जागा शाळेच्या नावे नोंदलेली आहे काय, तिच्यावर अतिक्रमण आहे काय, मुलींना तेथे ठरावीक वेळ मिळतो काय, हे प्रश्न सभेच्या इतिवृत्तात नोंदविले गेले पाहिजेत. हाच विषय ग्रामसभेतही मांडता येतो.

हा केवळ हौसेचा मामला नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते, आणि त्या प्रमाणपत्राची वाट शाळेच्या मैदानातूनच जाते. मैदान नसलेल्या शाळेतील मुलाला ही वाट सुरू होण्यापूर्वीच बंद झालेली असते.

निवासी शाळेला या कामी एक नैसर्गिक लाभ आहे. येथे विद्यार्थी सायंकाळी घरी परतत नाही. त्याची पहाट आणि संध्याकाळ शाळेच्याच आवारात जाते. माजी विद्यार्थ्यांपैकी जे पोलीस दलात, सैन्यदलात वा शिक्षकी पेशात आहेत, त्यांनी सुट्टीत आठवडाभर येऊन मुलामुलींना एखादा खेळ शिकविला, तर ते धम्मदानच ठरेल. तथागतांच्या अष्टांगिक मार्गात ‘सम्यक व्यायाम’ आहे. तेथे व्यायाम या शब्दाचा अर्थ प्रयत्न असा आहे. आपल्या मुलांना देशाचा खेळ पाहता यावा म्हणून न्यायालय आणि संसद यांनी प्रयत्न केले. त्यांना स्वतः खेळता यावे म्हणून करावयाचा प्रयत्न पुष्कळसा आपल्याकडे आहे, आणि त्याची सुरुवात येत्या शाळा समितीच्या सभेत एक अर्ज देऊन करता येईल.