मोटार बसवलेल्या जुन्या सायकलींचा बाजार

मोटार बसवलेली जुनी सायकल विकायला काढली की तिच्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइके येतात, सायकलींचे संग्राहक आणि मोटारसायकलींचे. पहिल्याला इंजिन म्हणजे मागाहून लावलेली अडगळ वाटते. दुसऱ्याच्या लेखी सायकल ही इंजिन टांगण्याची नुसती चौकट असते. त्यामुळे सायकलची किंमत, मोटारीची किंमत आणि मजुरी यांची बेरीज करून अशा वाहनाचा भाव निघत नाही. तो बेरजेच्या बराच वर जातो किंवा बराच खाली राहतो. कुठे जाणार, हे दोन प्रश्नांवर ठरते. सायकल आणि मोटार ही जोडी एकाच काळातली आहे का? आणि नसेल, तर खुणा मागे न ठेवता ती सोडवता येते का?

आज संग्राहकांमध्ये फिरणारा पेट्रोल इंजिनांचा माल मुख्यतः १९३९ ते १९५५ या काळातला आहे. लॉस एंजेलिसच्या ब्रीन-टेलर या विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीने १९३९ मध्ये ‘व्हिझर’ हे १३८ सीसीचे फोरस्ट्रोक इंजिन सुट्या संचाच्या रूपात बाजारात आणले. सुरुवातीला त्यातला रूळ मागच्या टायरवर घासून चाक फिरवी. पुढे रूळ जाऊन पट्टा आला. इटलीत तुरिनच्या सियाटा कंपनीचे ४८ सीसीचे ‘कुच्चोलो’ युद्ध संपता संपता तयार झाले आणि १९४६ पासून बोलोन्याची डुकाटी ते बनवू लागली. तोवर डुकाटीचा धंदा रेडिओच्या भागांचा होता. डुकाटीच्या आजच्या नामांकित मोटारसायकलींच्या वंशावळीत पहिले नाव या सायकलच्या इंजिनाचेच आहे. ब्रिटनमध्ये १९५० साली ‘सायकलमास्टर’ आले. हे इंजिन मागच्या चाकाच्या पोटातच बसवलेले असे. जुने चाक काढायचे, हे लावायचे, की काम झाले. आधी ते २५.७ सीसीचे होते, पुढे ३२ सीसीचे झाले.

विक्रीच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट जपानची आहे. होंडाने १९५२ मध्ये लाल इंजिन आणि पांढरी टाकी असलेले ‘कब एफ’ काढले तेव्हा कंपनीकडे विक्रेत्यांचे जाळे नव्हते. विक्रीची बाजू सांभाळणारे ताकेओ फुजिसावा यांनी देशभरच्या सायकल दुकानदारांना हजारोंच्या संख्येने पत्रे पाठवली. किरकोळ किंमत २५,००० येन, दुकानदाराला १९,००० येनला, पैसे आधी पाठवा, असा रोखठोक प्रस्ताव होता. म्हणजे दुकानदाराला चोवीस टक्के सुटत होते, आणि संच खोक्यात बंद होऊन थेट त्याच्या दारात येत होता. सायकल कोणत्याही कंपनीची असली तरी चालत असे.

आजचा भाव ठरवताना नेमकी हीच गोष्ट कळीची ठरते. संच सुटे विकले गेले, त्यामुळे ‘कारखान्यातून निघाली तशी’ ही कसोटी बहुतेक सायकलींना लावताच येत नाही. १९५१ सालची रॅली कंपनीची सायकल आणि १९५१ चे सायकलमास्टर आज कुणी एकत्र आणले, तर ती जोडी खोटी म्हणता येणार नाही. त्या वर्षी कुणीही दुकानात जाऊन हेच केले असते. याउलट १९४८ पासून व्हिझरने ‘पेसमेकर’ हे तयार वाहनच विकले. तिथे फ्रेम आणि इंजिन एकमेकांची असावीत ही अपेक्षा रास्त आहे आणि नसतील तर किंमत पडते. व्हिझरच्या बाबतीत आणखी एक खबरदारी लागते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे नाव पुन्हा बाजारात आले आणि नव्या गाड्या तैवानमध्ये बनू लागल्या. नवे भाग जुन्या इंजिनात सहज मिसळतात. वापरणाऱ्यासाठी ही सोय आहे. संग्राहकाने मात्र विकत घेताना प्रत्येक भाग विचारून घ्यावा.

काळ जुळतो का, हे तोंडी सांगण्यापेक्षा लोखंडावर वाचलेले बरे. इंग्रजी सायकलींच्या मागच्या हबवर स्टर्मी-आर्चरचे तीन गियर असतील, तर हबच्या टोपणावर बहुधा वर्ष आणि महिना ठोकलेला सापडतो. हब बदललेला असू शकतो, म्हणून फ्रेमचा क्रमांकही पाहावा लागतो. मुलाम्यावरूनही अंदाज येतो. क्रोमचे प्लेटिंग व्यापारी पातळीवर रुळले ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीच्या सायकलचे हँडल आरशासारखे निळसर चमकत असेल, तर ते निकेल नव्हे. कुणीतरी नंतर क्रोम चढवलेले आहे.

दुरुस्ती किती करायची, याविषयी विक्रेते आणि कारागीर यांचे नेहमीच वाजते. कारागिराला सायकल नवीकोरी दिसावी असे वाटते. बाजार मात्र मूळ रंगाला, झिजलेल्या लायनिंगला आणि अर्धवट उडालेल्या छापाला जास्त मान देतो, कारण रंग कितीही वेळा देता येतो, मूळ रंग एकदाच असतो. गंज थांबवणे, छर्रे आणि ग्रीस बदलणे, रिमचा आउट काढणे, केबल, टायर आणि ब्रेकचे गुटके नवे घालणे ही कामे किंमत टिकवतात. पावडर कोटिंग हा मात्र सर्रास होणारा घात आहे. थर जाड बसतो, फ्रेमचा क्रमांक बुजतो, नळ्यांच्या जोडांवरचे कंगोरे गोल होतात. रंग पूर्ण गेलेलाच असेल, तर भट्टीचा एनॅमल आणि हाताने मारलेल्या रेघा खर्चिक असूनही परवडतात. टायरच्या बाबतीत भारतातल्या कारागिराचे नशीब चांगले आहे. जुन्या इंग्रजी रोडस्टरचे २८ गुणिले दीडचे टायर आपल्याकडे अजून गल्लीतल्या दुकानात मिळतात.

आता दुसरा प्रकार, जुन्या सायकलला आजची मोटार. परदेशात ६६ सीसीचे चिनी टूस्ट्रोक संच स्वस्तात मिळतात आणि विकणारे ते सर्रास ‘८० सीसी’ म्हणून खपवतात. आपल्याकडे हौशी लोकांचा ओढा विजेच्या हब मोटारीकडे आहे. दोन्हींत मोटार बसवताना जे कापले, घासले किंवा भोक पाडले जाते, तेच पुढे किंमत खाते. पुढच्या चाकाची हब मोटार साधारण १०० मिलिमीटर रुंदीच्या चिमट्यासाठी बनवलेली असते आणि तिच्या आसाच्या चपट्या बाजू १० मिलिमीटरच्या असतात. जुन्या रोडस्टरचा चिमटा याहून अरुंद असतो आणि त्याची खाच बारीक आसापुरतीच असते. मग चिमटा फाकवला जातो, खाच कानशीने मोठी केली जाते, आणि त्या क्षणी सायकलींचा संग्राहक गिऱ्हाईक म्हणून हातचा जातो. यावर साधा उपाय म्हणजे मूळ चिमटा कापडात गुंडाळून बाजूला ठेवायचा, दुसरा मजबूत चिमटा मोटारीसाठी लावायचा आणि विकताना दोन्ही द्यायचे. मोटारीच्या आसाला टॉर्क आर्म हवाच, नाहीतर जोर आल्यावर आस खाचेत फिरतो.

ब्रेकचा हिशेबही इथेच करायचा. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. जुन्या रोडस्टरचे दांड्यांचे ब्रेक रिमला आतून धरतात आणि पावसात ते भरवशाचे नसतात. ब्रेक न सुधारता मोटार लावलेली सायकल दिसायला कितीही देखणी असली, तरी ती अर्धवट काम म्हणूनच मोजावी.

किंमत मांडण्यासाठी एक काल्पनिक हिशेब घेऊ. जुनी सायकल ५,००० रुपये, रंग आणि प्लेटिंग ८,०००, गादी-टायर आणि सुटे भाग ७,०००, हब मोटार, कंट्रोलर आणि बॅटरी २२,०००. एकूण ४२,००० झाले. साठ तासांचे काम, ताशी २०० रुपयांप्रमाणे १२,०००. म्हणजे ५४,००० रुपयांना विकली तर नफा शून्य. समोरचे गिऱ्हाईक या आकड्याची तुलना तीसेक हजारांच्या नव्या ई-सायकलशी करते, जिला वॉरंटी असते. या स्पर्धेत जुनी सायकल हरणारच. तेव्हा ‘जा-ये करायला स्वस्त’ असे सांगून ती विकणे म्हणजे आपल्याच हाताने भाव पाडणे आहे. ती विकायची तर देखणेपणावर, वयावर आणि कारागिरीवर.

शिवाय या किमतीच्या दोन भागांचे वय उलट दिशेने चालते. फ्रेम, गादी, हब जपले तर त्यांचा भाव वर्षागणिक निदान टिकतो. बॅटरीची क्षमता मात्र वापरली नाही तरी कमी होत जाते. म्हणून दोन्हींची किंमत वेगळी लिहावी. सायकलला संग्राहकाचा भाव, मोटार-बॅटरीला खरेदीच्या दिवसापासून घसरणारा भाव. तयार सायकल दोन वर्षे दुकानात उभी ठेवून मूळ आकडा सांगणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही, याचे कारण बहुधा हेच असते. फ्रेम तयार ठेवावी आणि बॅटरी गिऱ्हाईक पक्के झाल्यावर घ्यावी, हे जास्त शहाणपणाचे.

जुन्या पेट्रोल इंजिनांना हा हिशेब लागू नाही. तिथे कधी कधी इंजिन वेगळे आणि सायकल वेगळी विकल्याने जास्त पैसे मिळतात, विशेषतः सायकल साधी आणि इंजिन दुर्मीळ असेल तेव्हा. तुलनेसाठी आकडे पाहताना मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत गल्लत होऊ देऊ नये. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. लिलावातला आकडा खरा, पण खरेदीदार त्यावर लिलावगृहाचे अधिमूल्य देतो आणि विक्रेत्याच्या हाती कमिशन वजा जाऊन रक्कम येते. त्यामुळे एकाच विक्रीचे तीन आकडे असू शकतात.

कागदपत्रांनी किंमत किती बदलते, हे ब्रिटनमध्ये स्पष्ट दिसते. तिथे इंजिन लावलेली सायकल नोंदणीच्या दृष्टीने मोटारसायकलच. जुने नोंदणीपुस्तक जपलेले असेल तर मूळ क्रमांक परत मिळवण्याची सरकारी योजना आहे, आणि मूळ क्रमांक असलेली गाडी बिनक्रमांकाच्या जुळ्या गाडीहून महाग जाते. चाळीस वर्षांहून जुन्या वाहनाला वाहनकरात सवलत मिळते, विमा मात्र सुटत नाही.

भारतात कायद्याची रेघ फार बारीक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. सायकलमास्टरचे पहिले इंजिन या रेघेच्या ०.७ सीसी पलीकडे पडते! व्हिझर आणि कुच्चोलो तर कितीतरी पलीकडे. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींना नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आहे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. सुट्या संचातून उभ्या राहिलेल्या सायकलचे जुने नोंदणीपत्र सहसा नसतेच. त्यामुळे आपल्याकडे अशी सायकल बहुतांशी दिवाणखान्यात किंवा प्रदर्शनात उभी करण्यासाठी विकली जाते आणि तिचा भावही शोभेच्या वस्तूचा असतो. क्वचित सुरू करायची, तर आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर आणि कार्ब्युरेटरमधला बुचाचा तरंगा खराब होतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

विजेच्या मोटारीला अटी वेगळ्या आहेत. शक्ती ०.२५ किलोवॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, आणि हे सारे अधिकृत चाचणी संस्थेने तपासलेले असावे. पुण्याची एआरएआय ही त्यांतलीच एक संस्था. घरी बसवलेल्या संचाला अशी तपासणी नसते. ‘लायसन्स लागत नाही’ असे बेधडक छापणारा विक्रेता म्हणूनच स्वतःला अडचणीत आणतो. मोटारीची शक्ती, कंट्रोलरने बांधलेला वेग आणि तपासणीची खरी स्थिती लिहून देणे त्याच्याच हिताचे आहे.

कुठे विकावी, हे मालावर अवलंबून आहे. जुन्या बाजारात भाव पडतो, कारण तिथले गिऱ्हाईक घासाघीस करायच्या तयारीने आलेले असते. तो बाजार सुटे भाग घ्यायला चांगला. संग्राहकांचे मेळावे आणि व्हिंटेज रॅली इथे माणसे कमी भेटतात, पण वस्तू ओळखणारी भेटतात. हॉटेल, दुकाने, चित्रीकरणासाठी सामान पुरवणारे हा तिसरा वर्ग आहे. त्यांना मोटार चालते की नाही याच्याशी देणेघेणे नसते, चटकन होकार देतात आणि पैसेही बरे देतात.

छायाचित्रे दोन्ही बाजूंनी काढावीत, फ्रेमचा क्रमांक, हबवरची तारीख आणि जिथे झाळ मारली आहे ती जागा जवळून दाखवावी. इंजिन थंड असताना सुरू करतानाचे चलच्चित्र ठेवले की निम्मे प्रश्न आपोआप मिटतात. चिमट्याच्या मानेशी चीर नाही ना, हे घेणारा हमखास पाहतो. विक्रेत्याने ते आधीच पाहिलेले असावे. मूळ आणि बदललेल्या भागांची यादी लेखी द्यावी, काढून ठेवलेले मूळ भाग सोबत द्यावेत. पाठवताना पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर कोरडे करावे लागतात. लिथियम बॅटरी धोकादायक माल गणली जाते आणि सायकलची बॅटरी प्रवासी विमानाच्या सामानातून नेता येत नाही. त्यामुळे लांबच्या गिऱ्हाइकाला बॅटरी वगळून सायकल विकावी आणि तेवढी रक्कम बिलातून कमी करावी.