विजेला वाट देणारं प्लास्टिक (भाग ५) : श्रेय आयनाचं की आम्लाचं?

गेल्या आठवड्यात आपण १९७७ सालाशी थांबलो होतो. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या चंदेरी पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता कोटीच्या पटीत वाढली. तिघांना २००० साली नोबेल मिळालं. ते वाचून वराळ्याहून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे : "प्रोजेक्टला आम्ही पॉलिअ‍ॅनिलिनमध्ये तांब्याचे आयन घालतोय. म्हणजे आत तांब्याची साखळी होऊन तिच्यातून वीज जाते ना?"

नाही जात. तांब्याचा आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून बसलेलं तांबं. तारेतल्या तांब्याकडे असतात तसे मोकळे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे नसतात. वीज जाते ती पॉलिमरच्याच साखळीवरून. या साखळीत ठरावीक अंतरानं नायट्रोजन असतो आणि त्यातल्या काहींकडे इलेक्ट्रॉनची एक रिकामी बसलेली जोडी असते. भुकेला आयन त्या जोडीला चिकटतो, साखळीवर धनभार उमटतो आणि तो भार पुढे सरकू लागतो. आयन स्वतः जागचा हलत नाही.

दुसरा गैरसमज प्रमाणाचा. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची परंपरा असलेल्या आपल्या भागात हे सांगायला सोपं आहे : काचेला निळा रंग द्यायला चिमूटभर कोबाल्ट पुरतो. सिलिकॉनचंही तसंच, दहा लाख अणूंमागे एखादा परका अणू बास होतो. पॉलिअ‍ॅनिलिनचं पोट एवढ्यानं भरत नाही. पूर्ण वाहक व्हायला त्याच्या निम्म्या नायट्रोजनांना कुणीतरी चिकटावं लागतं. अर्थात आयन देणारं धातूचं मीठ भरमसाट ओतूनही चालत नाही. उरलेलं मीठ कणांच्या मध्ये स्फटिक होऊन बसतं आणि वाट अडवतं. फेरिक क्लोराइड तर जास्त झालं की साखळीचं प्रमाणाबाहेर ऑक्सिडीकरण करतं, आणि कमावलेली वाहकता हातची जाते.

तुलनेला एक आकडा जवळ ठेवा. अ‍ॅनिलिन हायड्रोक्लोराइड आणि अमोनियम परसल्फेट यांच्या साध्या कृतीनं पाच संस्थांत आठ जणांनी पॉलिअ‍ॅनिलिनचे ५९ नमुने केले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या आंतरराष्ट्रीय अहवालात सरासरी वाहकता ४.४ सीमेन्स प्रति सेंटीमीटर आली, वरखाली १.७. अशी मिळालेली हिरवी पूड अमोनियाच्या पाण्यात धुतली की नायट्रोजनांना चिकटलेलं आम्ल निघून जातं, रंग निळा होतो आणि वाहकता अब्जावधी पटींनी पडते. तांब्याची तार सहा लाखांच्या घरात असते, तेव्हा तिच्याशी स्पर्धा करायचा विचारही नको.

आता खरी मेख. निळी पूड फेरिक क्लोराइडच्या पाण्यात टाकली, ती हिरवी झाली, वाहकता वाढली, की अहवालात लिहिलं जातं : "लोहाच्या आयनामुळे वाढ." पण फेरिक क्लोराइड पाण्यात विरघळताना स्वतःच आम्ल तयार करतं. लिटमस लगेच लाल होतो. मग पूड हिरवी केली कुणी, लोहानं की त्या आम्लानं? कॉपर क्लोराइडलाही हा संशय चुकत नाही, फक्त तो जरा सौम्य. हा प्रश्न न विचारता छापलेले निष्कर्ष मला पटत नाहीत, ते कितीही देखण्या आलेखांसकट आले तरी.

म्हणून आधी द्रावणाचा सामू मोजा. तेवढ्याच सामूचं नुसतं हायड्रोक्लोरिक आम्ल दुसऱ्या बीकरमध्ये घ्या आणि त्याच बाटलीतली निळी पूड तितकाच वेळ त्यात ठेवा. दोन्हींच्या गोळ्या एकाच दाबाखाली दाबा, चार टोकांच्या पद्धतीनं मोजा. जो फरक उरेल तेवढाच आयनाच्या नावावर.

आणि मोजणी जुलैत करणार असाल तर गोळ्या डेसिकेटरमधून शेवटच्या क्षणी काढा. मावळातल्या पावसाळी हवेत त्या ओल पितात आणि ओल्या पॉलिअ‍ॅनिलिनची वाहकता कोरड्यापेक्षा जास्त दिसते. अ‍ॅनिलिन हाताळताना हातमोजे मात्र कायम, ते कातडीतूनही शरीरात जातं.

पुढच्या भागात पेडॉट : फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणून वापरात आलेलं अस्तर.