अंगठ्याची रजा

माणसाच्या शरीरात कष्ट फार आणि विचारपूस कमी असा अवयव कोणता, असे कोणी विचारल्यास मी अंगठ्याकडे बोट दाखवीन. निरक्षराची सही अंगठा करतो आणि साक्षराची लेखणीही त्याच्याच आधाराने चालते. तरी तो दुखू लागेपर्यंत त्याची आठवण कोणास होत नाही. आमच्या दिल्लीच्या बिऱ्हाडी ती आठवण मातोश्रींच्या उजव्या हाताने करून दिली. प्रथम बरणीचे झाकण फिरेना. मग कुलपात किल्ली फिरवताना कळ येऊ लागली. पुढे वाती वळणे आणि पोळ्या लाटणे हीही संकटे झाली. "वय झाले, चालायचेच," असे त्या म्हणत.

हे दुखणे वयाचे खरे, पण ते एका नेमक्या जागी असते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, ट्रॅपीझियम नावाचे लहानसे हाड आहे. त्यावर अंगठ्याचे हाड घोड्याच्या पाठीवरील खोगिरासारखे बसते, आणि म्हणूनच अंगठा चहूकडे फिरतो. पण या स्वातंत्र्याची किंमत सांध्याला मोजावी लागते. अंगठा व तर्जनी यांच्या टोकांनी एक किलो जोराची चिमूट धरली, तर मुळाच्या सांध्यावर त्याच्या सुमारे बारापट दाब येतो. वर्षानुवर्षे हा भार सोसून हाडांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत हा विकार विशेष आढळतो. आमवात हा याहून वेगळा रोग. त्यात आधी औषधांनी रोगच आवरावा लागतो. मात्र आमवाताच्या रोग्याचे एखादे बोट एकाएकी सरळ होईनासे झाले, तर स्नायूची दोरी तुटल्याची शंका घेऊन तत्काळ वैद्य गाठावा.

क्ष-किरणांचे चित्र हाती येताच मी निर्णय घेऊन टाकला. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाने करावे तेच मी केले. कागदावर दोन रकाने आखले, लाभ-हानी मांडली आणि खाली शेरा मारला, 'शस्त्रक्रिया करावी.' हात ज्यांचा, त्यांना विचारण्याचे तेवढे राहून गेले.

ही चूक शल्यविशारदांनी सुधारली. चित्राकडे ओझरते पाहून त्यांनी मातोश्रींनाच विचारले, "या हाताने तुम्हांला काय करता येत नाही?" मग ते मला म्हणाले की, चित्रातील झीज आणि मनुष्याला होणारी वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही. चित्र भयंकर आणि हात कामाचा, असेही दिसते. शिवाय या दुखण्याने जिवाला धोका नाही. तेव्हा घाई कसली? आधी अंगठ्याला आधार देणारा पट्टा, हलके व्यायाम, वेदनाशामक औषध आणि जाड मुठीची भांडी. पुढे गरज पडल्यास सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन. हे करूनही झोप मोडत असेल, नित्याची कामे अडत असतील, तर शस्त्रक्रिया.

या उपायांत वर्ष गेले. इंजेक्शनाने काही महिने उतार पडला, मग कळ परतली. एके सकाळी नातीची वेणी अर्धवट सोडून मातोश्री म्हणाल्या, "आता करून घेऊ या." माझ्या शेऱ्यात जे नव्हते ते या चार शब्दांत होते.

झिजलेले ट्रॅपीझियम काढून टाकणे ही यावरील जुनी शस्त्रक्रिया. गर्व्हिस या इंग्रज शल्यविशारदाने तिचे वर्णन १९४९ साली प्रसिद्ध केले. रिकाम्या जागी व्रण भरून येतो आणि हाडांचे घासणे थांबते. काही जण त्या जागी रोग्याच्याच स्नायूच्या दोरीची गुंडाळी बसवितात. तथापि तुलनेत कोणतीही एक पद्धत स्पष्टपणे सरस ठरलेली नाही. भूल केवळ हातापुरती देऊनही हे काम होऊ शकते.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. चार ते सहा आठवडे अंगठा प्लास्टरमध्ये वा पट्ट्यात राहतो. सूज उतरावी म्हणून आरंभी हात छातीहून उंच ठेवायचा. मोकळी बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची. ज्यांनी जन्मभर डाव्या हाताने घास घेतला नाही, त्यांना डाव्या हाती चमचा धरावा लागला. निऱ्या माझी पत्नी घाली. प्लास्टर निघाले तेव्हा हात कृश आणि ताठर दिसला. मातोश्रींच्या डोळ्यांत पाणी आले. "उगीच केले," त्या म्हणाल्या.

हा दिवस येणार, हे रोग्याला आधीच सांगून ठेवले पाहिजे. सहाव्या आठवड्याचा हात हा बरा झालेला हात नव्हे. अंगठ्याचे टोक क्रमाने एकेका बोटाला टेकविण्याचा व्यायाम चिकाटीने करावा लागतो. हलकी कामे साधारण तिसऱ्या महिन्यात जमू लागतात. बळ मात्र सहा महिने ते वर्षभर हळूहळू वाढत राहते. अंगठा किंचित आखूड होतो. व्रणाजवळ बधिरता राहू शकते. क्वचित जंतुसंसर्ग होतो, किंवा सूज, दाह व ताठरपणा दीर्घकाळ छळतो. म्हणून दुखणे वाढत गेले, तर सोसत न बसता शल्यविशारदांना हात दाखवावा.

आमच्या घरी सहाव्या महिन्यात नातीची वेणी पुरी झाली. वाती पुन्हा वळल्या जातात. बरणीचे घट्ट झाकण मात्र मातोश्री अजूनही माझ्याकडे देतात. शस्त्रक्रियेने वेदना गेली, तारुण्य परत आले नाही. आणि तसे वचनही कोणी दिले नव्हते.

ज्यांच्या घरी असा हात असेल, त्यांनी चित्र जरूर काढावे, सल्ला जरूर घ्यावा. पण कोणती कामे अडली आहेत, हे त्या हाताच्या धन्यालाच विचारावे. आणि उत्तर 'करू या' असे आले, तर शस्त्रक्रियेच्या दिवसाबरोबरच पुढच्या सहा महिन्यांची तजवीज करून ठेवावी.