नेट रेंगाळतं? दोष रेंजचाच असेल असं नाही!
परतवाड्यात ऑनलाइन अर्ज भरताना चक्री फिरत राहिली, की आपण रेंजला दोष देतो. कधी कधी चूक राउटरमधल्या ड्रायव्हरची असते.

नेमकं काय होतं?
नेटवर्क चिप आलेलं पॅकेट थेट मेमरीत लिहिते. याला डीएमए म्हणतात. प्रोसेसर मात्र कॅशेतली जुनी प्रत वाचू शकतो. म्हणून वाचण्याआधी ड्रायव्हरने ती प्रत रद्द करायची. पाठवण्याआधी कॅशेतला डेटा मेमरीत उतरवायचा.

हे राहिलं तर?
चेकसम जुळत नाही, पॅकेट बाद होतं, पुन्हा पाठवावं लागतं.

चूक लपते कुठे?
इंटेल, एएमडीच्या संगणकांत हा मेळ हार्डवेअरच राखतं. अनेक स्वस्त एआरएम, मिप्स राउटरांत ती सोय नसते. त्यामुळे संगणकावर पास झालेला ड्रायव्हर राउटरवरही तपासायलाच हवा.