राक्षस बदलला की मोजपट्टी?

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एक आलेख हमखास असतो. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर कुठला तरी आकडा, आणि वर चढत जाणारी रेष. खाली एक वाक्य: 'यावरून वाढ स्पष्ट होते.' आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. ते तपासायला मी आधी एका खेळातला राक्षस घेतोय. उदाहरण विचित्र वाटेल, पण त्यात एक सोय आहे. खेळाचे नियम छापलेले असतात, त्यामुळे आकडा कसा तयार झाला हे शेवटच्या पायरीपर्यंत बघता येतं. जंगलात तसं करता येत नाही.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. टेबलाभोवती बसून खेळतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. वार लागला की हुकला, हे २० बाजूंचा फासा ठरवतो. या खेळाच्या १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात आपल्याकडूनच नेलेला 'राक्षस' आहे. नाव तेच, डोकं मात्र वाघाचं! म्हणजे चंद्रपूरकरांना तो अगदीच परका नाही.

आता त्याचे आकडे बघा. प्रत्येक राक्षसाला 'आर्मर क्लास' असतो, म्हणजे त्याला वार लागणं किती अवघड आहे याचा अंक. वाघतोंड्याचा हा अंक १९७७ मध्ये उणे ४ होता. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ च्या सुधारित पुस्तकात २१, आणि पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात १६. आलेख काढला तर राक्षस एकदम बलाढ्य झाला आणि मग थोडा ढिला पडला, असं दिसेल. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

पहिलं कारण म्हणजे पट्टीची दिशा. जुन्या नियमांत अंक जितका कमी, तितका बचाव पक्का. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने पट्टी उलटी केली. त्यामुळे उणे ४ हा खरं तर फार भक्कम बचाव होता.

दुसरं कारण जरा आत लपलेलं आहे. २१ वरून १६ आला तेव्हा वार करणाऱ्याचे आकडेही बदलले होते. म्हणून आपण तिन्ही आवृत्त्यांत एकच चाचणी लावू: दहाव्या पातळीचा योद्धा, अंगात जादा ताकद नाही, शस्त्राचा वेगळा फायदा धरायचा नाही. जुन्या तक्त्यानुसार त्याला उणे ४ साठी फाशावर १६ किंवा जास्त हवेत, म्हणजे २० पैकी ५ संधी, २५ टक्के. २००३ च्या नियमांत फाशात १० मिळवायचे आणि २१ गाठायचे. ११ पुरतात, म्हणून ५० टक्के. २०१४ मध्ये मिळवायचे फक्त ४, गाठायचे १६. १२ हवेत, म्हणजे ४५ टक्के.

नीट बघा. अंक ५ ने उतरला, तरी वार लागणं सोपं झालं नाही, उलट किंचित अवघड झालं. आर्मर क्लास तीन आवृत्त्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो. वार लागण्याची शक्यता मात्र तिन्हीकडे एकच गोष्ट सांगते. तुलना करायची ती तिची.

राक्षसाच्या जीवाचे गुणही असेच फसवतात. २००३ मध्ये सरासरी ५२, २०१४ मध्ये ११०. दुप्पट झाले? पण २००३ मध्ये ठराविक प्रकारचं शस्त्र नसेल तर प्रत्येक घावातून १५ वजा व्हायचे. २० चा घाव घातला तर आत ५ च जायचे, म्हणजे ११ घाव लागायचे. २०१४ मध्ये जादूचं शस्त्र असेल तर तोच २० चा घाव पूर्ण लागतो आणि ६ घावांत काम होतं. गुण दुप्पट, घाव जवळपास निम्मे.

आता खऱ्या वाघांकडे येऊ. देशात २००१-०२ च्या गणनेत ३,६४२ वाघ होते आणि २००६ मध्ये १,४११, हे तुम्ही वाचलं असेल. पहिला आकडा पाऊलखुणांवरून आलेला. ठसा काचेवर गिरवायचा, साचा घ्यायचा आणि त्यावरून वाघ ओळखायचा. पण एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत वेगळा आणि धुळीत वेगळा उमटतो. २००६ पासून ट्रॅप कॅमेरा आणि संख्याशास्त्र आलं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून ओळख पटते, आणि कॅमेऱ्यात न आलेल्या वाघांचाही अंदाज काढता येतो. त्यामुळे ३,६४२ मधून १,४११ वजा करून 'चार वर्षांत इतके वाघ गेले' असं लिहिता येत नाही.

पण थांबा. 'फरक सगळा पद्धतीचाच' असंही लिहिता येत नाही. राजस्थानातल्या सरिस्कामधले वाघ त्याच काळात खरोखर संपले होते. फरकात खरी घट आहे आणि मोजपट्टीचा बदलही आहे, आणि त्या वजाबाकीतून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

पद्धतीचं नाव तेच राहिलं तरी सावध राहा. महाराष्ट्राचे आकडे २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ असे आहेत. पण २०१४ मध्ये दीड वर्षावरचे वाघ धरले होते, २०१८ मध्ये एक वर्षावरचे. देशभरात कॅमेऱ्यांची ठिकाणं ९,७३५ वरून २६,८३८ वर गेली. वाघ वाढले यात शंका नाही. किती वाढले, हे लिहिताना मात्र पेन जपून चालवायला हवं. हे आकडे फायलीत पडून राहत नाहीत. ब्रह्मपुरीच्या जंगलातून २०२३ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात वाघिणी नेऊन सोडल्या. कुठे वाघ जास्त आणि कुठे कमी, यावरच असे निर्णय होतात. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

तुमचा विषय वाघ नसेल तरी सुटका नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. १९८१ च्या जनगणनेतला चंद्रपूर आणि १९९१ चा चंद्रपूर हे दोन वेगळे नकाशे आहेत. वनक्षेत्राचंही तसंच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या १९८७ च्या पहिल्या अहवालात ४०० हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर येत नव्हता. २००१ च्या अहवालापासून १ हेक्टरचाही येतो.

मग करायचं काय? आकडे उतरवून घेण्याआधी हे करा:

१. प्रत्येक वर्षाच्या अहवालातलं व्याख्येचं आणि पद्धतीचं प्रकरण वाचा. काय मोजलं, कुठे मोजलं, कशाला वगळलं, हे एका तक्त्यात लिहा.

२. सगळीकडे एकच अर्थ असलेलं माप शोधा. खेळात ते वार लागण्याची शक्यता होतं. जिल्ह्यांच्या बाबतीत तालुक्यांची बेरीज करून जुना चंद्रपूर पुन्हा उभा करता येईल, पण तालुक्यांच्या हद्दीही बदलल्यात का ते आधी बघा.

३. एखाद्या वर्षी जुनी आणि नवी पद्धत एकाच ठिकाणी वापरली असेल तर ते वर्ष सोन्यासारखं. दोन पट्ट्या तिथेच जुळवता येतात.

४. काहीच जुळत नसेल तर रेष तोडा. आलेखात उभी खूण करा आणि खाली लिहा: 'या वर्षी मोजण्याची पद्धत बदलली. दोन्ही बाजूंच्या आकड्यांची थेट तुलना केलेली नाही.'

तुटलेल्या रेषेने सिनॉप्सिस कमजोर दिसेल अशी भीती वाटते. पण मुलाखतीत 'हे दोन आकडे एकाच पद्धतीने काढलेत का?' असं कोणी विचारलं, तर तुमचं उत्तर त्या आलेखाखाली आधीच लिहिलेलं असेल.