एका वर्षात तळापासून अग्रस्थानी : आर्सेनलच्या सुधारलेल्या सुरुवातीमागील कारणे

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉल स्पर्धेत लंडनच्या आर्सेनल क्लबने २०२२-२३ च्या हंगामाचा प्रारंभ सलग पाच विजयांनी केला. कतार येथील विश्वचषक स्पर्धेसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये लीगला विराम मिळाला, तेव्हा हा संघ १४ सामन्यांत ३७ गुणांसह अग्रस्थानी होता. दुसऱ्या क्रमांकावरील गतविजेत्या मँचेस्टर सिटीवर त्याची पाच गुणांची आघाडी होती.

या यशाचे मोल त्याच्या आदल्या वर्षाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये याच संघाने, याच प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली, पहिले तीनही सामने गमावले होते आणि २० संघांच्या गुणतक्त्यात तो अगदी तळाशी होता. त्या तीन सामन्यांत आर्सेनलवर नऊ गोल झाले आणि संघाला स्वतःला एकही गोल करता आला नाही. वर्षभरानंतरच्या पहिल्या तीन सामन्यांत आर्सेनलने नऊ गोल केले आणि त्याच्यावर केवळ दोन झाले. बारा महिन्यांत हा बदल कसा घडला, याची कारणे क्रीडांगणावर जितकी सापडतात तितकीच क्रीडांगणाबाहेरही सापडतात.

आकडे काय सांगतात?

प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण मिळतो. २०२१-२२ मध्ये पहिल्या १४ सामन्यांनंतर आर्सेनलचे सात विजय, दोन बरोबरी व पाच पराभव होते आणि गुण होते २३. २०२२-२३ मध्ये तितक्याच सामन्यांत १२ विजय, एक बरोबरी आणि एक पराभव झाला. म्हणजे १४ गुणांची वाढ झाली. केलेल्या गोलांची संख्या १७ वरून ३३ झाली, तर स्वीकारलेले गोल २० वरून ११ वर आले. आक्रमण आणि बचाव या दोन्ही अंगांनी संघ सुधारला होता, हे यावरून स्पष्ट होते.

पहिल्या अपयशाची पार्श्वभूमी

२०२१ मधील पराभवांना काही तात्कालिक कारणेही होती. १३ ऑगस्ट रोजी पहिला सामना ब्रेंटफर्डशी झाला. या क्लबचा १९४७ नंतरचा अव्वल श्रेणीतील तो पहिलाच सामना होता. आर्सेनलचे प्रमुख आघाडीवीर ऑबामेयांग आणि लाकाझेट आजारपणामुळे त्यात खेळू शकले नाहीत व संघ २-० असा हरला. थॉमस पार्टी आणि गाब्रिएल मागाल्याइश हे दोघेही दुखापतग्रस्त होते. पुढच्या सामन्याच्या वेळी बेन व्हाइटला करोनाची बाधा झाली होती.

त्यातच पुढील दोन प्रतिस्पर्धी अत्यंत बलाढ्य होते. चेल्सी त्या वेळी युरोपचा विजेता होता, तर मँचेस्टर सिटी इंग्लंडचा. चेल्सीने आर्सेनलला त्याच्याच मैदानावर २-० ने नमवले. सिटीविरुद्ध ग्रॅनिट झाकाला पूर्वार्धातच लाल कार्ड मिळाले आणि सामना ५-० असा गमवावा लागला. या निकालानंतर प्रशिक्षक मिकेल आर्तेता यांना हटवावे, अशी मागणी अनेक समर्थकांनी केली.

खरेदी वेळेवर

दोन हंगामांतील एक महत्त्वाचा फरक दिनदर्शिकेवरच दिसतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आर्सेनलने सुमारे १५ कोटी पौंड खर्च करून सहा खेळाडू घेतले. मात्र मार्टिन ओडेगार्ड आणि गोलरक्षक ॲरन रॅम्सडेल यांचे करार हंगाम सुरू झाल्यानंतर, २० ऑगस्टला पूर्ण झाले. बचावपटू ताकेहिरो तोमियासु तर ३१ ऑगस्टला, म्हणजे तीनही पराभव पदरी पडल्यानंतर, संघात आला. ज्या संघावर एवढा पैसा खर्च झाला होता, तो संघ त्या तीन सामन्यांत प्रत्यक्षात एकत्र उतरलाच नव्हता.

२०२२ मध्ये असे घडले नाही. ब्राझीलचा आघाडीवीर गाब्रिएल जेझुस सुमारे ४.५ कोटी पौंडांना घेतल्याची घोषणा ४ जुलैला झाली. युक्रेनचा ओलेक्सांद्र झिंचेन्को सुमारे ३ कोटी पौंडांना २२ जुलैला दाखल झाला. दोघेही मँचेस्टर सिटीतून आले. आर्तेता २०१६ ते २०१९ या काळात तेथे पेप ग्वार्दिओला यांचे सहायक होते. त्यामुळे प्रशिक्षकाला खेळाडूंची आणि खेळाडूंना प्रशिक्षकाच्या पद्धतीची ओळख आधीपासूनच होती. सरावाचे सामनेही या नव्या खेळाडूंसह झाले. आर्सेनलने चेल्सीला ४-० आणि सेव्हिलाला ६-० असे हरवले. ५ ऑगस्टला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध लीगचा पहिला सामना सुरू झाला, तेव्हा संघाची घडी आधीच बसलेली होती.

जुन्या खेळाडूंच्या नव्या भूमिका

बाहेरून आलेल्या खेळाडूंइतकेच महत्त्व क्लबमध्ये आधीपासून असलेल्यांना आले. फ्रान्सचा बचावपटू विल्यम सालिबा २०१९ पासून आर्सेनलच्या मालकीचा होता. परंतु क्लबने त्याला फ्रान्समधील संघांकडे उसनवार तत्त्वावर खेळण्यास पाठवले होते. तीन वर्षांत आर्सेनलच्या मुख्य संघाकडून तो एकही अधिकृत सामना खेळला नव्हता. मार्सेय संघाकडून उत्तम हंगाम खेळून तो परतला आणि पहिल्याच सामन्यापासून बचावफळीच्या मध्यभागी उभा राहिला. दुसऱ्या सामन्यात, लेस्टरविरुद्ध, त्याच्याकडून स्वयंगोल झाला, तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा घोष करून त्याला धीर दिला. पुढच्याच सामन्यात, बोर्नमथविरुद्ध, त्याने डाव्या पायाने देखणा गोल केला.

सालिबाच्या आगमनामुळे बेन व्हाइटला मध्यातून उजव्या कडेला हलवणे शक्य झाले. डाव्या कडेचा झिंचेन्को संघाकडे चेंडू असताना कडेला न थांबता मधल्या फळीत येऊन खेळू लागला. त्यामुळे मैदानाच्या मध्यभागी आर्सेनलचा एक खेळाडू जास्त होई आणि प्रतिस्पर्ध्यांना चेंडू हिरावणे कठीण जाई. ही व्यवस्था लागू होताच झाकाला पुढे सरकण्याची मोकळीक मिळाली. २०१९ मध्ये प्रेक्षकांशी झालेल्या खटक्यानंतर ज्याचे कर्णधारपद काढून घेण्यात आले होते, त्या झाकाने या हंगामात लीगमध्ये सात गोल केले.

जेझुसचे योगदान केवळ त्याच्या गोलांवरून मोजता येत नाही. पहिल्या आठ सामन्यांत त्याने पाच गोल केले. मात्र १ ऑक्टोबरनंतर विश्वचषकाच्या विश्रांतीपर्यंत त्याला एकही गोल करता आला नाही. तरीही संघ जिंकत राहिला. बचावपटूंना सतत धावत ठेवणे, चेंडू गमावताच तो परत मिळवण्यासाठी झडप घालणे आणि मोकळी जागा निर्माण करणे या कामांचा लाभ दोन्ही बगलांवरील बुकायो साका व गाब्रिएल मार्तिनेल्ली यांना मिळाला. हंगामाअखेर लीगमध्ये ओडेगार्ड व मार्तिनेल्ली यांचे प्रत्येकी १५, साकाचे १४ आणि जेझुसचे ११ गोल झाले. गोल करण्याचा भार एकाच खेळाडूवर नव्हता, हे या संघाचे बलस्थान ठरले.

नेतृत्व आणि संयम

संघातील वातावरणातही बदल झाला होता. शिस्तभंगाच्या कारणावरून आर्तेता यांनी डिसेंबर २०२१ मध्ये ऑबामेयांगचे कर्णधारपद काढून घेतले आणि फेब्रुवारी २०२२ च्या प्रारंभी त्याने क्लब सोडला. संघातील सर्वाधिक नावाजलेला आघाडीवीर असा जाऊ देणे धोक्याचे होते. ३० जुलै २०२२ रोजी अवघ्या २३ वर्षांच्या ओडेगार्डला कर्णधार नेमण्यात आले. २०२१ मध्ये घेतलेले सहाही खेळाडू खरेदीच्या वेळी २३ किंवा त्याहून कमी वयाचे होते. एका हंगामाच्या अनुभवानंतर हा तरुण गट एकमेकांना ओळखू लागला होता.

मात्र या सर्वांच्या मुळाशी क्लबच्या व्यवस्थापनाने दाखवलेला संयम होता. आर्तेता यांची नियुक्ती डिसेंबर २०१९ मध्ये झाली. २०२० मध्ये त्यांनी एफए करंडक जिंकून दिला. तथापि लीगमध्ये सलग दोन हंगाम संघ आठव्या क्रमांकावर राहिला आणि २०२१-२२ मध्ये युरोपीय स्पर्धांनाही मुकला. त्यानंतर तीन पराभवांची ती मालिका आली. तरीही व्यवस्थापनाने प्रशिक्षक बदलला नाही. तो हंगाम आर्सेनलने ६९ गुणांसह पाचव्या स्थानी संपवला. मे २०२२ मध्ये टॉटनहॅम व न्यूकॅसलविरुद्ध पराभव झाल्याने चॅम्पियन्स लीगची संधी अगदी थोडक्यात हुकली. मात्र त्याच महिन्याच्या प्रारंभी आर्तेता यांचा करार २०२५ पर्यंत वाढवण्यात आला होता.

याच काळात इतर क्लबांनी निराळा मार्ग पत्करला. आर्सेनलकडून ३-० ने हरलेल्या बोर्नमथने पुढच्याच आठवड्यात लिव्हरपूलविरुद्ध ९-० असा पराभव स्वीकारला आणि हंगामाचे केवळ चार सामने झाले असताना प्रशिक्षक स्कॉट पार्कर यांना दूर केले. चेल्सीला २०२१ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवून देणारे थॉमस टुखेल यांनाही ७ सप्टेंबर २०२२ रोजी पद सोडावे लागले. बोर्नमथ त्या हंगामात लीगमधील स्थान टिकवू शकला, हे खरे. चेल्सी मात्र हंगामाअखेर बाराव्या क्रमांकावर घसरला. प्रशिक्षक बदलणे हा उपाय कधी लागू पडतो, कधी नाही. आर्सेनलपुरते पाहिले तर तो न बदलणेच हिताचे ठरले.

वेळापत्रकाची साथ

आर्सेनलच्या या सुरुवातीचे श्रेय संपूर्णपणे नियोजनाला देणे मात्र योग्य होणार नाही. २०२१ मध्ये पहिल्या तीनपैकी दोन सामने युरोप व इंग्लंडच्या विजेत्यांशी होते. २०२२ मध्ये पहिले पाच प्रतिस्पर्धी होते क्रिस्टल पॅलेस, लेस्टर, बोर्नमथ, फुलहॅम आणि ॲस्टन व्हिला. यांपैकी एकही संघ आदल्या हंगामात पहिल्या सहा संघांत नव्हता आणि बोर्नमथ व फुलहॅम तर नुकतेच खालच्या श्रेणीतून बढती मिळवून आले होते. सहाव्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडशी गाठ पडली, तेव्हा आर्सेनल ३-१ असा हरला.

त्या पराभवानंतर ही लाट ओसरेल, असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात १८ सप्टेंबरला आर्सेनलने ब्रेंटफर्डला त्याच्याच मैदानावर ३-० असे हरवले. तेरा महिन्यांपूर्वी अपयशाची सुरुवात झाली ती याच मैदानावर. पुढे टॉटनहॅमवर ३-१, लिव्हरपूलवर ३-२ आणि चेल्सीवर १-० असे विजय मिळाले. वेळापत्रकाने दिलेली साथ पहिल्या पाच सामन्यांपुरती होती. त्यापुढील गुण संघाने स्वतःच्या बळावर मिळवले, असे म्हणता येते.

सुरुवात आणि शेवट

निम्मे म्हणजे १९ सामने झाले तेव्हा आर्सेनलचे ५० गुण होते. २००३-०४ नंतर प्रथमच विजेतेपद दृष्टिपथात आले होते. परंतु ज्या स्थिर अकरा खेळाडूंमुळे सुरुवात उत्तम झाली, त्यांना तोलामोलाचे पर्याय मात्र क्लबकडे पुरेसे नव्हते. जेझुस विश्वचषकात जायबंदी झाला व मार्चपर्यंत बाहेर राहिला. १६ मार्च २०२३ रोजी स्पोर्टिंग लिस्बनविरुद्धच्या एकाच सामन्यात सालिबा आणि तोमियासु हे दोन बचावपटू जखमी झाले आणि उर्वरित हंगामाला मुकले. एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅमविरुद्ध दोन गोलांची आघाडी घेऊनही बरोबरी पत्करावी लागली. तळाच्या साउदॅम्प्टननेही ३-३ असे रोखले आणि २६ एप्रिलला मँचेस्टर सिटीने ४-१ असा विजय मिळवला. तब्बल २४८ दिवस अग्रस्थानी राहूनही आर्सेनल अखेरीस ८४ गुणांसह दुसरा आला. ८९ गुण मिळवून सिटी विजेता ठरला.

विजेतेपद हुकले, तरी ही सुरुवात निष्फळ ठरली नाही. सहा हंगामांच्या खंडानंतर क्लबला चॅम्पियन्स लीगमध्ये पुन्हा प्रवेश मिळाला. २०२३-२४ मध्ये संघाने ८९ गुणांपर्यंत मजल मारली, २०२४-२५ मध्येही दुसरे स्थान राखले आणि या दोन्ही हंगामांत संघाची सूत्रे आर्तेता यांच्याकडेच होती. ऑगस्ट २०२१ मधील तीन पराभवांनंतर क्लबने वेगळा निर्णय घेतला असता, तर ऑगस्ट २०२२ मधील पाच विजयांची पायाभरणी करण्यास तो संघ आणि तो प्रशिक्षक एकत्र उरले नसते.